बारावा प्याला

गोदूबाईच्या हातात चर्चचं रजिस्टर आलं तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. आता सदुसष्ट. मधल्या काळात आठ पाळकसाहेब आले नि बदलून गेले, छपरावरची कौलं तीनदा उतरवून चढवली, बायकांना पंच कमिटीत घेऊ नये म्हणणारे म्हातारे एकेक करून मागच्या कबरस्थानात जाऊन निजले. रजिस्टर मात्र तिच्या ट्रंकेतून हललं नाही.

जेटीकडे उतरणाऱ्या वाटेवर, जांभ्या दगडाचं ते बुटकं चर्च. बाहेरची माणसं त्याला पाद्र्याचं देऊळ म्हणतात. रत्नागिरीत आधीच ही माणसं मूठभर, त्यातली तरणी मुंबई-पुण्याला. गोदूबाईची सलोनीसुद्धा पुण्यात. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये गिटार वाजवतात, ढोल वाजवतात. ती आईला फोनवर सांगते, "आई, तुमच्याकडे पेटीचे दोन सूर वाजत नाहीत आणि तुम्ही अजून त्याच पेटीवर गाता." गोदूबाई म्हणते, "त्या दोन सुरांना आम्ही तोंडानं वाजवतो."

पाळक हा पगारी माणूस, तीन-चार वर्षांनी जाणारा. पंच गावचे, बिनपगारी, न जाणारे. चर्चचं सगळं त्यांच्याच अंगावर. पावसाआधी कौलं बघायची, कबरस्थानातलं रान काढायचं, लग्नाचे दाखले लिहायचे, कोणाला सभासद करायचं नि कोणाला नाही ते ठरवायचं. गोदूबाई सरकारी दवाखान्यात आया होती. तिथं पोरीच्या वयाच्या डॉक्टरणी तिला "ए मावशी, इकडे ये" म्हणत. इथं मात्र ती सेक्रेटरी. पाळकसाहेबसुद्धा "गोदूबाई, जरा बघता का" असं अदबीनं बोलत. विधवा झाल्यावर तिला उभं ठेवलं ते या एका 'जरा बघता का'नं.

रजिस्टर तिच्या बापानं सुरू केलेलं. बाप घंटा वाजवायचा नि खुर्च्या पुसायचा, पण अक्षर छापल्यासारखं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यानं नियम लिहून ठेवला होता: वर्षातून तीनदा तरी प्रभुभोजन घेईल तोच सभासद, आणि सभासद असेल तोच पंच. प्रत्येक नावापुढे चौकोन. त्या दिवशी मेजावरची भाकर खाऊन प्याला प्यायलेल्याच्या चौकोनात खूण. बाकी कोरा.

त्या कोऱ्या चौकोनांवरूनच पंधरा वर्षांमागे तिनं आपल्या सख्ख्या भावाचं नाव खोडलं होतं.

हरिश्चंद्र तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा, ट्रॉलरवर ड्रायव्हर. म्हणजे इंजिनाचा मालक-चालक-धन्वंतरी सगळं तोच. बोट पाच-सहा दिवस आत असते, तिथं रविवार कुठला. त्या वर्षी त्याचे सगळे चौकोन कोरे राहिले. त्याची बायको काशी अंथरुणाला खिळलेली, तिचेही कोरे. आजाऱ्याला पाळक घरी जाऊन प्रभुभोजन देतात, पण घरच्या माणसानं तशी चिठ्ठी द्यावी लागते. हरिश्चंद्र समुद्रावर. गोदूबाई रोज दवाखान्यातून सुटली की काशीकडे पेज घेऊन जायची, तिची पाठ पुसायची, केस विंचरायची, नि घरी येऊन चिठ्ठीची वाट बघायची. आपणच लिहावी हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण चिठ्ठी घेणारी ती. देणारी नि घेणारी एकच कशी असेल? डिसेंबर संपला. तिनं पट्टी धरून दोन्ही नावांवर रेघ मारली.

काशी मार्चमध्ये गेली. सभासद मेला की चर्चची घंटा वाजते, वयाच्या वर्षाला एक ठोका. काशी त्रेचाळीस वर्षांची होती. नाव रजिस्टरात नव्हतं, घंटा वाजली नाही. मातीला सगळे होते, गोदूबाई सगळ्यात पुढे. दोर मात्र खुंटीला बांधलेलाच राहिला. त्या दिवसापासून हरिश्चंद्र चर्चच्या दारातून आत आला नाही. बोट लागली की तो आवारातून तसाच मागे कबरस्थानात जायचा, काशीच्या क्रुसावर अबोलीचा वळेसर अडकवायचा, नि तसाच परत.

यंदा ईस्टरनंतर पंच असलेले बाबू मास्तर लेकीकडे वसईला कायमचे गेले. पाचाचे चार राहिले: गोदूबाई, ऐंशी पार केलेले दत्तारामकाका, झेडपीच्या शाळेतली नम्रता आणि तिचा नवरा दीपक. मे महिन्यात बिशपसाहेबांच्या ऑफिसातून पत्र आलं. वर्षअखेर पाच पंच नसतील तर इथले सभासद कोल्हापूरच्या मंडळीत सामील होतील, आणि इमारत आवारासह कुलूपबंद राहील.

यादीत अकरा नावं. चार पंच सोडले तर सात. त्यातल्या दोन बहिणींना काठीशिवाय उठता येईना, तिघं नव्वदीच्या अलीकडे-पलीकडे, दोन कॉलेजच्या पोरी, वय बसेना. गोदूबाईनं यादी तीनदा वाचली, मग चपला घातल्या नि जेटीवर गेली.

हरिश्चंद्र जाळ्यांच्या ढिगाला टेकून इंजिनाचा कसलासा तुकडा रॉकेलमध्ये धूत होता.

"काय गो बाय, वाट चुकलीस?"

"पंच होशील काय?"

तो इतका हसला की बाजूचे खलाशी बघायला लागले. "माझं नाव खोडलंस ना तू? लाल पेनानं?"

"निळ्या," गोदूबाई म्हणाली. "लाल पेन कमिटीत वापरत नाय."

"मग निळ्यानं परत लिही."

"तसं नाय लिहिता येत. डिसेंबरच्या आत तीनदा मेजाला यायला हवं."

"तू मेलीस तरी बदलायची नायस." त्यानं हात फडक्याला पुसले. मग पत्राबद्दल विचारलं, नि ती सांगत असताना 'आवारासह' या शब्दाला त्याचं हसणं थांबलं. कबरस्थानाची वाट आवारातूनच आहे. तो म्हणाला, "काशी मागं हाय. मी या वयात भिंतीवरून उड्या मारू काय?"

पाळकसाहेब चार चर्च सांभाळणारे, तरुण, बारीक, कायम एसटीत अर्धी झोप काढलेले. रत्नागिरीला ते एक महिना सोडून पहिल्या रविवारी येत. जूनमध्ये मासेमारी बंद होती, हरिश्चंद्र आला. शेवटच्या बाकावर बसला, मेजाला आला, खूण झाली. ऑगस्टमध्ये घाटात दरड आली, पाळकसाहेब पलीकडे अडकले. ऑक्टोबरमध्ये त्यानं बोटीवर बदली माणूस दिला नि आला. दुसरी खूण. राहिला डिसेंबरचा पहिला रविवार. वर्षातला शेवटचा, कारण नाताळला पाळकसाहेब दुसरीकडे.

शुक्रवारी त्याचा फोन आला. "शनवारी सांजचे लागतोय. माझा प्याला भरून ठेव."

द्राक्षरस गोदूबाईच करायची. काळे मनुके रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, मलमलीतून गाळायचे. माणसं मोजून करायची ती. उरलं तर पंचाईत, कारण मेजावरून आलेलं ठेवायचं नाही नि टाकायचंही नाही, पंचांनी तिथंच संपवायचं, ही बापाची शिकवण. यादीतले अकरा अधिक हरिश्चंद्र. बारा प्याले, अंगठ्याएवढे, स्टीलच्या ताटात.

शनिवारी संध्याकाळी बोट लागली नाही.

रविवारी नऊला उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांना सगळं माहीत होतं. त्यांनी तीन गीतं जास्तीची घेतली, प्रवचन लांबवलं, एकच दाखला दोनदा सांगितला. दत्तारामकाका मोठ्यानं म्हणाले, "हे मघाशी झालं, साहेब." साडेदहाला त्यांनी घड्याळ बघितलं. साडेअकराची कोल्हापूर गाडी चुकली तर संध्याकाळची दुसरीकडची उपासना बुडत होती. त्यांनी मेजावरचं फडकं काढलं.

भाकर फिरली, ताट फिरलं, अकरा प्याले रिकामे झाले. आशीर्वाद झाला. गोदूबाई ताट घेऊन मागच्या खोलीत गेली. भाकरीचा एक तुकडा नि बारावा प्याला.

नम्रता मागोमाग आली. "गोदूमावशी, थांबा ना जरा. हरीमामा येतील."

"ठेवता येत नाय गो."

"पाच मिनिटं ठेवलं तर काय?"

"पाच मिनिटं ठेवलं म्हणजे ठेवलंच ना?"

तिनं तुकडा खाल्ला, प्याला प्यायली. मग नेहमीसारखे बाराही प्याले विसळून पालथे घातले. हात एकतीस वर्षं तेच करत आलेले. ओल्या फडक्यानं ताट पुसत असताना बाहेर आवाज झाला.

हरिश्चंद्र दारात उभा होता. अंगावरचा शर्ट भिजून वाळलेला, मिठाचे पांढरे पट्टे पडलेले, डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं. पाण्यात उतरून सुरीनं त्यानंच कापलं होतं, हाताच्या चामडीसकट. जेटीवरून तो धावत आलेला. त्याच्या धापेतून एकच शब्द आला.

"झालं?"

गोदूबाईच्या हातात फडकं होतं. त्यानं पालथे प्याले बघितले. एकदा मोजले असावेत.

"परत करता येईल," पाळकसाहेब पिशवी भरता भरता म्हणाले. "मनुके आहेत?"

"भिजवलेले नायत. उकळून गाळायला दीड तास."

"माझी गाडी..."

"कोल्हापूरला नाताळात घेतील की हरीमामा," नम्रता म्हणाली.

"दुसरीकडचं या रजिस्टरात धरत नाय," गोदूबाई म्हणाली. नियम तिच्या तोंडून आपोआप आला, नि तो बाहेर पडल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

पाळकसाहेबांनी पिशवीची चेन लावली. हळूच म्हणाले, "गोदूबाई, माणूस आला ना? मनात होतं ना त्याच्या? प्याला त्याच्या नावचा होता. तुम्ही खूण करा. मी सही करतो."

"कर गो खूण!" दत्तारामकाका काठी आपटत ओरडले. "देवाला कुठं तुझं अक्षर लागतंय!"

दीपक म्हणाला, कोण बघणार आहे. नम्रतानं रजिस्टर मेजावर उघडून ठेवलं, निळं पेन आणून दिलं. गोदूबाई बसली. तिला चौकोन दिसत होता. पेनाचं टोक तिनं त्यावर नेलं. उभ्या आयुष्यात तिनं केलेली नव्हती अशी गोष्ट ती करायला निघाली होती, आणि करणार होती. चर्चसाठी. आवारासाठी. पुन्हा कोणी "जरा बघता का" म्हणावं म्हणून.

"थांब बाय," हरिश्चंद्र म्हणाला.

तो बाकावर बसला नव्हता, उभाच होता. आवाज चढवला नाही त्यानं.

"काशीच्या चौकोनात तू का नाय केलीस खूण? तिच्याही मनात होतं. तू पेज भरवायचीस तेव्हा ती विचारायची तुला, साहेब कधी येतील म्हणून. मला सांगायची ती."

गोदूबाईचं पेन तिथंच.

"तेव्हा नियम होता म्हणालीस. मी पंधरा वर्षं म्हटलं, असेल बाबा. माझी बहीण खोटं लिहीत नाय, म्हणून घंटा वाजली नाय. तेवढ्यावर गप राहिलो. आता माझ्यासाठी खोटं लिहिलंस तर काशीला घंटा का नाय, ते सांग. मग कर खूण."

दत्तारामकाकांना नीट ऐकू आलं नव्हतं, ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं, नि बघितल्याची लाज वाटून मान खाली घातली.

गोदूबाईनं पेनाला टोपण लावलं.

जानेवारीत तिनं वार्षिक यादी स्वतःच्या हातानं लिहून पाठवली. पंच चार. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. फेब्रुवारीत ऑफिसातून दीपेश नावाचा माणूस नवं कुलूप घेऊन आला. भला माणूस. कबरस्थानासाठी अर्ज करा म्हणाला, वर्षातून एकदा उघडून देतील. त्यानं पेटी, मेज, खुर्च्या यांची यादी केली, रजिस्टर पिशवीत घातलं. पुठ्ठ्याच्या आतलं बापाचं अक्षर पिशवीत जाताना गोदूबाईनं बघितलं.

"हे प्याले?" त्यानं विचारलं.

"बारा," ती म्हणाली. "लिहून घ्या."

हरिश्चंद्र मागून, कबरस्थानातून येत होता. क्रुसावर शेवटचा वळेसर अडकवून. दीपेश कुलपाचा कागद फाडत होता तोवर गोदूबाई घंटेखाली गेली. खुंटीवरचा दोर सोडला. गाठ घट्ट बसली होती, तिनं ती दातानं सोडवली. हरिश्चंद्रला वाटेतच कळलं ती काय करतेय ते. तो आला नि तिच्या हातावर त्यानं आपला हात ठेवला. डावा, जखम भरून चामडी ताणलेला.

"नको गो."

"त्रेचाळीसच ठोके रे."

"खाली जेटीपर्यंत ऐकू जाईल. लोक धावत येतील, कोण गेलं विचारतील. काय सांगशील?"

ती दोर धरून उभी राहिली. तिनं विचार केला. काशी, म्हणावं, तर पंधरा वर्षं झाली. चर्चच गेलं म्हणावं, तर त्याचं नाव रजिस्टरात नव्हतं. मघाशी दातानं सोडवलेली गाठ तिनं पुन्हा खुंटीला मारली, आधीसारखीच घट्ट.

"चला मावशी," दीपेश म्हणाला, "बाहेर व्हा."