चेनवालीची भिंगरी

कापडबाजाराच्या तोंडाशी, दोन दुकानांच्या मधल्या बोळात एक बाई पायाचं मशीन घेऊन बसायची. पँटची उंची कमी करायची, घट्ट झालेले कपडे उसवून सैल करायची, पण तिचा खरा हात बसला होता चेनींवर. जाकिटाची अडकलेली, पिशवीची तुटलेली, कसलीही चेन ती बसवून द्यायची, म्हणून सगळा बाजार तिला चेनवाली म्हणायचा. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी. बोललीच तर ओठांच्या एका कोपऱ्यातून.

तिची मुलगी दीड वर्षांची. ही पोर चालायला अशी शिकलीच नाही, भिंतीचा आधार सोडला तो एकदम पळतच सुटली. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. घरी सासू होती, हातीपायी धडधाकट. पण तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मी माझी वाढवली. तुझी तू बघ." नवरा बसच्या गॅरेजात मेकॅनिक. तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. तेव्हा भिंगरी आईबरोबर बाजारात.

बाजारात पोर सांभाळणं म्हणजे उकळतं दूध आणि दारावरचा पाहुणा एकाच वेळी सांभाळणं. मान खाली घालून टीप मारावी, वर बघावं, तर पोर गायब. कधी समोरच्या छत्रीवाल्याच्या छत्र्यांखाली, कधी चपलांच्या ढिगात. एकदा तर थेट मोठ्या रस्त्यावर गेली. गाडीचा ब्रेक करकचून लागला तो चेनवालीने बोळात बसून ऐकला. ड्रायव्हर पोरीला बखोटीला धरून घेऊन आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, पोर नकोशी झाली असेल तर दुसरी गाडी शोधा. माझ्या पोटावर पाय आणू नका."

त्या दिवशी तिने गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारलं आणि शाळेच्या दप्तरांना लावतात त्या निवारीचा पट्टा शिवला. दोन्ही खांद्यांवरून येणारा, बक्कल पाठीवर, म्हणजे पोरीला स्वतःला उघडता येऊ नये. त्याला लांब निवार जोडली आणि तिचं दुसरं टोक मशीनला नाही, स्वतःच्या कमरेला बांधलं. आता वर बघायची गरज उरली नाही. कमरेला बारीक हिसका बसला की समजायचं, पोर खाली बसली. जोराचा बसला की काहीतरी आवडीचं दिसलंय. बराच वेळ काहीच जाणवलं नाही की मग ती मशीन थांबवून बघायची. बहुतेक वेळा भिंगरी चिंध्यांत झोपलेली असायची.

बाजाराला चघळायला विषय मिळाला. "चेनवालीने पोरीलाही चेन लावली!" छत्रीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "चावत नाही ना वहिनी?" असं विचारायचा आणि आपणच हसायचा. ती टाचण्या तोंडात धरून टीप मारत राहायची. एका बाईने पँट न्यायला आल्यावर फोटो काढला. "कशी हो आई तुम्ही? जनावराला तरी बरं बांधतात," असं म्हणाली आणि पँट उलटसुलट तपासून निघून गेली.

तो फोटो फिरत फिरत गॅरेजात पोचला. तिथल्या लोकांनी भिंगरीच्या बापाला बघून शिट्ट्या मारल्या, कुत्र्याला बोलावतात तसं च्यू च्यू केलं. एकाने विचारलं, "घरी राखणीला कितीजण ठेवलेत रे?" त्याने हातातला पाना टाकला आणि तडक बाजार गाठला.

भर गर्दीची वेळ. बायकोशी एक शब्द न बोलता त्याने पोरीच्या पाठीवरचं बक्कल सोडलं. तो पट्टा मशीनच्या लोखंडी पायातून ओवला आणि बक्कल पुन्हा करकचून लावलं. निवारीचं दुसरं टोक बायकोच्या कमरेला होतंच.

"बस आता तू बांधलेली," तो म्हणाला. "बघू कसं वाटतं."

लोक हसले. छत्रीवाला तर टाळी वाजवून हसला. ती उठायला गेली, निवार ताणली गेली, मशीन हललं, तसे आणखी हसले.

"अहो, तिला खाली ठेवू नका," ती म्हणाली. तोंडातल्या टाचण्या मांडीवर सांडल्या. "ऐका ना, हात धरला तरी ती..."

"मला शिकवू नकोस. बाप आहे मी." पोरीला खांद्यावर घेऊन तो निघून गेला.

कमरेची गाठ हिसक्याने घट्ट बसली होती. ती नखांनी सोडवू लागली, तोवर समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "तेवढी माझी चेन देऊन टाका आधी." शरमेने तिला मान वर करवेना. खाली बघूनच तिने चेन बसवायला घेतली.

वळणावर चहाची टपरी होती. बापाने तिथे चहा सांगितला आणि ओळखीचं कोणी भेटलं त्याला आपण बायकोला कसा धडा शिकवला ते रंगवून सांगू लागला. पोर खांद्यावर वळवळायला लागली म्हणून खाली ठेवली. टपरीमागे कापडाचं गोदाम. तिथे मालाची गाडी मागे येत होती.

चेनवालीने आरडाओरडा ऐकला आणि तिला कळलं. कुणाचं काय झालं ते विचारायची तिला गरज पडली नाही. गाठ सुटेना तेव्हा कात्री घेऊन तिने निवार कापली आणि धावली.

पोर जगली. डावा पाय मात्र गुडघ्यापासून चेपला गेला होता.

इस्पितळात सासू आली. तिच्यासमोर नवरा म्हणाला, "हिच्या हातून सुटली. कामाच्या नादात पोरीकडे लक्ष असतं कुठे हिचं?"

बायको त्याच्याकडे वळली. "तुम्ही नेली होती तिला," ती म्हणाली.

"तोंड सांभाळ. बाजारात कुणालाही विचार."

सासूने खरंच विचारलं. दुसऱ्या दिवशी जाऊन छत्रीवाल्याला गाठलं. तो छत्र्या उघडमीट करत म्हणाला, "मावशी, मी गिऱ्हाइकात होतो. माझं लक्ष नव्हतं." बघितलं म्हणावं तर आपण हसलो तेही सांगावं लागणार. बाकीच्यांनी त्याचीच री ओढली. चहावाल्याला तर काहीच आठवेना. घरात ठरून गेलं की आईने पोरीचा पाय घालवला. चेनवालीने दोनचारदा सांगून बघितलं. मग नवऱ्याने एकदा थोबाडीत मारली आणि ते सांगणंही बंद झालं.

आता भिंगरी चार वर्षांची आहे. पायाला लोखंडी पट्ट्यांचा साचा, तो घालून तिला चालता येतं. तो पाय पुढे पसरून ती मशीनशेजारी बसते. आई ठेवेल तिथे बसते, उचलेपर्यंत बसते. रंगीत दोऱ्यांची रिळं लावते, मोडते, पुन्हा लावते. नवीन गिऱ्हाइकांना फार कौतुक वाटतं. परवाच एकजण आपल्या मुलाला ओढत म्हणाली, "किती गुणी मुलगी हो तुमची! आमचा एक घटका टिकत नाही कुठे. काय करता काय तुम्ही?"

"काही नाही," चेनवाली म्हणाली आणि दोरा तोडला.

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी सासू झोपते, नवरा बाहेर असतो. तेव्हा ती खोलीतलं सामान कडेला सारते, भिंगरीला मधोमध उभी करते आणि हात सोडून लांब जाते. पोर आईकडे बघत राहते. मग हळूच, साचा वाजू न देता, आहे तिथेच खाली बसते.

"जा ना गं," आई म्हणते. दार तिने सताड उघडं ठेवलेलं असतं. "जा की कुठेतरी. मी नाही ओरडणार."

भिंगरी मान हलवते. जागची हलत नाही.

ती तिला पुन्हा उभी करते.