थांबाजी आणि उशिरा हलणारे ओठ

चि. थांबाजी,
तुझ्यावर लिहायला घेतलं आहे. नाक मुरडू नकोस. केबलचंही लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते. पुढचं तुला न ओळखणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा मध्ये बोलू नकोस.

थांबाजी माझा भाचा. ऐकू न येणाऱ्यांसाठी व्हिडिओंना सबटायटल लावतो. ओठ हलले की खाली अक्षरं उमटली पाहिजेत, एवढंच काम. लिनक्सचा लॅपटॉप, त्याला केबलनं जोडलेली डॉक नावाची डबी, आणि डबीला दोन मोठे मॉनिटर. घरात काहीही बिघडलं की तो आधी म्हणतो, "थांबा." कारण सापडेपर्यंत कुणाला हात लावू देत नाही. मिक्सर बंद पडला तेव्हा बायकोनं आठवडाभर खलबत्त्यात कुटलं.

एकदा दोन्ही मॉनिटर रेंगाळायला लागले. माउस हलवला की बाण जरा विचार करून निघायचा. माणूस बोलून गप्प झाला तरी पडद्यावर त्याचे ओठ हलतच राहायचे. थांबाजीनं ओठांवर विश्वास ठेवून अक्षरं लावली आणि दोन कामं परत आली. तिसरं परत आलं तर करार संपला, असं कंपनीच्या बाईंनी फोनवर गोड आवाजात कळवलं.

"रीस्टार्ट कर ना रे एकदा," बायको म्हणाली.

"थांब. रीस्टार्ट म्हणजे पुरावा नष्ट करणं."

"का? खून झालाय?"

"अजून नाही."

त्यानं एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. ड्रायव्हर बदलला. लिनक्सचा गाभा, ज्याला तो कर्नल म्हणतो, तो जुना घातला, मग नवा. विजेची बचत बंद केली, पडद्यावरच्या खिडक्यांचे नखरे बंद केले. प्रत्येक वेळी तोच व्हिडिओ लावायचा, त्यात एक गृहस्थ 'नमस्कार' म्हणायचे. ओठ आपले मागाहून.

आतल्या खोलीत त्याचे वडील, म्हणजे माझा दादा. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला. तो टॅबलेटवर लिहितो आणि टॅबलेट ते मोठ्यानं वाचतो, अत्यंत नम्र बाईच्या आवाजात.

"केबल बघ, गाढवा," बाई नम्रपणे म्हणाली.

"बाबा, केबल मी स्वतः लावलीय."

"म्हणूनच."

थांबाजीनं ऐकलं नाही. तिसरं काम संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, त्या दुपारी त्यानं डॉक किती वेगानं जोडलाय ते तपासलं. सगळ्यात मंद वेगानं. केबल उपसली, तर हातात फोनच्या चार्जिंगला असते तसली बारीक वायर! तेव्हा आठवलं. दादाच्या टॅबलेटमधून वायर सारखी निसटायची. जुनी बॅटरी, त्यामुळे दादा अर्ध्या शिवीत बंद पडायचा. म्हणून थांबाजीनं डॉकची जाड, घट्ट बसणारी केबल त्याला दिली आणि त्याची बारीक डॉकला लावली. चित्र आलं, म्हणजे झालं असं मानलं. आयुष्यात त्या एकाच दिवशी तो 'थांबा' म्हणाला नव्हता.

ती वायर घेऊन तो आतल्या खोलीत गेला. "घे," बाई म्हणाली.

"थांबा. तुम्ही बोलणार कसं?"

दादानं उत्तर टाइप केलं, केबल उपसली आणि त्याच्या अंगावर फेकली. "मी झोपतो. तू ओठ बघ," एवढं म्हणून बाई विझली.

ओठ वेळेवर हलले. घरात दुपारभर शांतता होती, सुनेला ती बरी वाटली. काम परत आलं नाही. संध्याकाळी थांबाजीनं केबल नेऊन दादाला लावली. तेव्हापासून हेच. कामाला बसताना न्यायची, उठल्यावर परत द्यायची.

आता तुझ्याशी बोलते. त्याच आठवड्यात तू म्हणालास, "आत्या, येताना एक जाड केबल आण, तुझ्या वाटेवरच दुकान आहे." आहे. पण दादाला विचारल्याशिवाय कशी घेऊ, म्हणून आधी त्याच्याकडे गेले. त्यानं बराच वेळ टाइप केलं.

"आणू नकोस," बाई म्हणाली. "न्यायला येतो तेव्हा माझ्याजवळ बसतो. द्यायला येतो तेव्हाही बसतो."

दुकान अजून माझ्या वाटेवरच आहे.