टोळीतल्या माणसाच्या घरी देव

शूटिंगचे किस्से शेतातल्या दगडांसारखे असतात. वेचून वेचून बांधावर टाकावेत, तर पुढच्या नांगरटीला तितकेच वर आलेले! येडगावच्या धरणाजवळ आमच्या मालिकेचं शूटिंग सुरू झाल्यापासून माझ्याकडे एवढे साठलेत की नवा बांध घालता येईल. लोक ऐकतात, पोट धरून हसतात. मला मात्र सांगतानासुद्धा संताप येतो.

मालिका विनोदी आहे. तीन भामटे एकत्र लोकांना फसवायला निघतात आणि वाटेतच आपसांत भांडून स्वतःचाच डाव मोडतात. टोळीचा म्होरक्या 'मामा', तो मी. माझी बहीण झालेल्या सुमनताई जुन्या लोकनाट्यातल्या, आणि भाचा झालेला बंटी मुंबईहून आलेला. एरवी मी गावात दूध डेअरी चालवतो. यात्रेच्या नाटकात मी आजवर राजा केला, इन्स्पेक्टर केला, कलेक्टर केला. कुणी कधी माझ्याकडे सातबारा घेऊन आलं नाही! भामटा एकदाच केला, तर सगळ्या गावाला पटला.

आणि तोही नेमका याच वर्षी! आमच्या गावात भैरवनाथांचा चांदीचा मुखवटा एरवी देवळात ठेवत नाहीत. यात्रा झाली की तो पाळीनं एकेका घरी वर्षभर राहायला जातो. आमच्या घराची पाळी वडिलांच्या काळात येऊन गेली होती, ती आता आली. माझ्या बायकोनं, कमलनं, देवघराला रंगसुद्धा देऊन ठेवला होता. फक्त यात्रेनंतरच्या बैठकीत गावानं मान हलवायची बाकी होती.

* * *

पहिला झटका डेअरीवर बसला. दुधाची फॅट कमी लागली की शेतकरी मशीनला शिव्या देतात, ही जुनी रीत. मशीननंही कधी मनावर घेतलं नाही. पण मालिका सुरू झाली आणि शिव्या मशीनवरून माझ्यावर आल्या.

एक म्हातारी रोज तांब्याभर दूध घालते. तिनं फॅटचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मामा, म्हशीला सरकी घालते मी. फॅट कमी कशी?"

"आज्जे, मशीन सांगतंय. मी नाही सांगत."

"मशीन आधी बरं व्हतं," ती म्हणाली, "तुझ्या संगतीनं बिघाडलं!"

* * *

मग खोडदचा किस्सा. तिथं माळावर रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या अँटेना उभ्या आहेत. आमच्या टोळीनं त्यातली एक भंगारात विकायची, असा सीन होता. अँटेनांजवळ मोबाईल, वायरलेस काही चालत नाही, म्हणून आम्ही लांब रस्त्याकडेला उभे. वायरलेस माइक बंद, तेव्हा डायरेक्टर म्हणाले, "घसा ताणून भांडा!" मी आणि सुमनताईंनी असा काही ठणाणा सुरू केला की शेजारच्या वावरातल्या खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी डेअरीसमोर पिकअप येऊन थांबला. आतून भंगारवाला उतरला.

"मामा, ती मोठी मला झेपायची न्हाई. एखांदी बारकी हाय का?"

माझं डोकंच फिरलं! मी त्याला ओट्यावर बसवलं. मालिका म्हणजे काय, नट म्हणजे काय, अँटेना कुणाची, सगळं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मधेमधे मानही हलवत होता.

"पटलं राव," उठताना तो म्हणाला. "पन दुसऱ्याला द्यायच्या आधी मला सांगा."

* * *

बाहेरचे सोडा, युनिटमध्ये तरी काय वेगळं! एकदा जेवणात मासवडी होती. रस्सा मुबलक, वड्या मोजक्या. बंटीनं सुमनताईंच्या ताटातली वडी उचलली. ताई उसळल्या. मी मधे पडलो, तर दोघंही माझ्यावर उलटले. "तू म्हातारा झालास," "तू आयतोबा आहेस," "तुला पाठांतर होत नाही," असं एकमेकांचं सगळं काढून झालं. तेवढ्यात मागून आवाज आला, "कट! एकदम नॅचरल!"

डायरेक्टरांनी गुपचूप कॅमेरा लावला होता. माझं तोंड रश्श्यानं भरलेलं, कपाळावरची शीर ताठलेली, आणि हे सगळं टीव्हीवर दिसणार! मी हात धुवून भांडायला निघालो, पण सुमनताई माझ्या पुढे गेल्या.

"साहेब, इथून पुढं आधी सांगायचं," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "माझ्याकडं याच्यापेक्षा लई चांगल्या शिव्या हायेत. आज घाईत साध्या वापरल्या!"

* * *

अवसरीच्या कॉलेजच्या काही पोरांनी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. विषय, 'फसवणुकीपासून सावध राहा'. मला बरं वाटलं. चला, शिकलेल्या पोरांना तरी नट आणि भामटा यातला फरक कळतो. शाल मिळाली, नारळ मिळाला. मग सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "आता मामा आपल्याला स्वतःच्या प्रदीर्घ अनुभवातून मार्गदर्शन करतील."

मी राग गिळला. भाषण केलं. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तर पहिल्याच रांगेतला हात वर.

"सर, पकडलं गेल्यावर आधी काय करायचं?"

तरीही मी शांत होतो, खरंच! पण बाहेर पडताना गेटवरच्या वॉचमननं माझी पिशवी उघडायला लावली. आतला नारळ बाहेर काढून त्यानं उजेडात फिरवून पाहिला.

"हा कुठून उचलला, मामा?"

* * *

आता ऐका, माझी झोप उडवली ती गोष्ट. लेखकाला सुचलं की टोळीनं एका गावातून देवाचा मुखवटा चोरायचा. मी डायरेक्टरांना हात जोडून म्हणालो, "साहेब, काहीही चोरतो. मुखवटा नको. आमच्याकडं यंदा पाळी आहे." ते म्हणाले, "मामा, तुम्ही परत ठेवताच की! भाग दुसरा."

भाग पहिला शुक्रवारी लागला. मी मुखवटा पिशवीत घालून उसाच्या फडात पळतो आणि पडद्यावर येतं, 'पुढे काय? पाहा सोमवारी.' आणि गावाची बैठक होती रविवारी!

देवळासमोर अख्खं गाव बसलेलं. देवस्थानचे कारभारी गणपतअण्णा, ऐंशी पार केलेले, काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे पाहत होते.

"शांताराम, सोमवारी तू काय करनार हाईस?"

"अण्णा, ती मालिका आहे!"

"ते म्हाईत हाय. पन मुखवटा परत ठिवतोस का न्हाई?"

गोष्ट आधी बाहेर फोडली तर काम जाईल, अशी आम्हाला ताकीद होती. मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी मागून बोललं, "यंदा पाळी पुढच्या घराला द्या." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुःखानं नाही, रागानं! माझ्या बापानं हा मुखवटा वर्षभर लेकरासारखा जपला. मी सुतकातसुद्धा देवळाचं दूध बंद होऊ दिलं नाही, दुसऱ्याच्या हातानं धाडलं. आणि आज माझी पत टीव्हीवरच्या एका पिशवीवर ठरणार? मी हे सगळं ओरडून बोललो. ओरडताना नेमका मामासारखाच दिसत असणार, कारण दोन पोरं हसली.

तेव्हा बायकांमधून कमल उठली. पदर खोचून पुढे आली.

"अण्णा, ह्यांना चोरी जमती व्हय? डब्यातला लाडू चोरून खायला गेलं तरी झाकण खाली पाडत्यात! चांदी काय चोरनार?"

बैठक हसली. अण्णाही हसले, आणि त्यांनी मान हलवली.

* * *

सोमवारी सकाळी वाजतगाजत देव आमच्या घरी आला. दिवसभर दर्शनाला रीघ. संध्याकाळी माणसं उठेनात, तेव्हा कळलं, त्यांना मालिका आमच्याच घरी बघायची होती. अण्णांना टीव्हीसमोर खुर्ची दिली. कमल मधल्या जाहिरातींत चहा देत होती. शेवटी पडद्यावर मी मुखवटा देवळात परत ठेवला, नाक घासलं, आणि घरात टाळ्या पडल्या. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला.

माणसं पांगली. अण्णा काठी टेकत उठले. दाराकडे न जाता देवघरात गेले. मुखवट्यावरचं वस्त्र बाजूला केलं, चष्मा पुसून नीट पाहिलं, बोटानं दोनदा वाजवलं आणि मला म्हणाले, "हाय." मग निघून गेले.

मी तरातरा कमलकडे गेलो.

"बघितलंस? माझ्या घरात! माझ्या डोळ्यांदेखत! एवढं सगळं होऊनसुद्धा म्हातारा तपासून गेला!"

कमल चहाचे कप गोळा करत होती.

"मला विचारलं असतं तर कशाला उठले असते ते," ती म्हणाली. "मी जाहिरातीत बघून आलते."