पाहुण्या कुत्र्यांचे यजमान

"आदी कुत्र्याक पाणी देवा, मगे बॅगा उतरवा!"

गाडी फाटकातून आत आली की, सारा गाव ज्यांना काका म्हणतो त्यांचं हे पहिलं वाक्य. पुण्या-मुंबईची माणसं हसत. काका मात्र गंभीर चेहऱ्याने कुत्र्यापुढे पाण्याचं पातेलं ठेवत. काजूच्या बागेतलं दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि फाटकावर पाटी : 'कुत्र्यांसह राहण्याची सोय'. गावाने त्यांची भरपूर टिंगल केली. माझं दुकान कट्टा गावच्या बाजारात. टिंगल करण्यात मीही मागे नव्हतो. पण कुत्र्यांची बिस्किटं मी कोणासाठी ठेवू लागलो, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलं काम सुरू होत नाही. काका प्रत्येक पाहुण्या कुत्र्यासाठी खळ्यात नारळ ठेवत.

"बा देवा म्हाराजा, आज जो ह्यो पावणो तुझ्या गावात इलो हा, तेका बिबट्याच्या नदरेपासून सांभाळ!"

"होय म्हाराजा!" हे कुत्र्याच्या मालकांनी म्हणायचं. म्हटलं नाही तर काका पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. त्यांचा स्वतःचा कुत्रा बिबट्याने याच खळ्यातून उचलला होता. तेव्हापासून त्यांनी कुत्रा पाळला नाही, दुसऱ्यांचेच सांभाळले.

एकदा एक कुटुंब ब्रुनो नावाचा म्हातारा, तपकिरी कुत्रा घेऊन आलं आणि त्याला तिथेच ठेवून निघून गेलं. काका तेव्हा बागेत होते. नंतर फोन लावला तर लागेना.

"इसारले आसतले. येतले," काका मला म्हणाले.

"काकानू, कुत्रो काय छत्री आसा इसरूक? सोडून गेले ते."

"तू गप रे! माणसा अशी नसतत."

त्यांना ते खरंच पटत नव्हतं. ब्रुनो फाटकाशी बसून राही. गाडीचा आवाज आला की उठे, गाडी पुढे गेली की पुन्हा बसे. जेवणाला तोंड लावेना. काका शेजारी बसून त्याला पेजेत माशाचा तुकडा कुस्करून भरवत आणि रोज गाऱ्हाणं घालत, की देवा, त्याच्या माणसांना सुबुद्धी दे, त्यांची वाट इकडे वळव.

हळूहळू ब्रुनो जेवू लागला. काकांच्या मागे बागेत हिंडू लागला. एका सकाळी मी बिस्किटं पोचवायला गेलो, तर काका नारळापुढे हात जोडून उभे होते.

"म्हाराजा, ती माणसा खंय आसत थंय सुखी ऱ्हवांदेत. पण ह्या वाटेक तेंका आणू नको."

मागून मीच मोठ्याने "होय म्हाराजा!" म्हणालो. काका चोरी पकडल्यासारखे लाजले. मला त्या दिवशी ते फार आवडले.

पुढे त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. मुलगा मुंबईला कायमचं न्यायला आला. त्याच्या इमारतीत कुत्र्यांना बंदी. साऱ्या जगाच्या कुत्र्यांना खोली देणाऱ्या माणसाला स्वतःचा कुत्रा नेता येईना, याचा मला अजून राग येतो. ब्रुनो माझ्याकडे राहील, असं ठरलं.

निघताना काका शेजाऱ्यापाजाऱ्यांना "येतंय हां" म्हणाले. माझा हात धरून मलाही "येतंय रे" म्हणाले. निघताना 'जातो' म्हणू नये, ही आपली रीतच आहे. मग ते कसेबसे खाली बसले. ब्रुनोचं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं.

"मी येवचंय नाय रे. वाट बघू नको हां माझी."

गाडी गेली. ब्रुनो थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिला आणि माझ्यासोबत चालू लागला. आता तो दुकानाच्या पायरीवर निवांत झोपतो. गाड्या येतात, जातात. तो डोळा उघडत नाही.

मला मात्र काका 'येतंय' म्हणून गेलेत. दुकानासमोर मुंबईची गाडी थांबली की मी तराजू हातात तसाच धरून, कोण उतरतंय ते पाहतो.