पाताळातली पॉपस्टार

हरणीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी मुलीने एक पात्र रचलं होतं. पाताळात कार्यक्रम करणारी पॉपस्टार, डोक्यावर पुठ्ठ्याची शिंगं.

"पगार कोण देतं?" मी विचारलं.

"यमराज. आणि तिथले प्रेक्षक मधूनच उठून जात नाहीत, बाबा."

मागच्या वर्षी तिचं गाणं चालू असताना लोक उठून गेले होते. त्यामुळे मंडपात मी सारखा मागे वळून बघत होतो. दुसऱ्या कडव्याला जेवणाच्या टेबलाकडून गुजराती शेजाऱ्यांची हाक आलीच, "चालो, सेवउसळ तैयार छे!" खुर्च्या सरकल्या, रांगा रिकाम्या झाल्या. मी जागचा हललो नाही. माझ्याकडे बघत ती शेवटपर्यंत गायली.

मग माइकवरच म्हणाली, "बाबा, आता उठलात तरी चालेल."