दुसऱ्या माणसाचं भाडं

समुद्र एकदाही न पाहता समुद्राविषयी सर्वांत जास्त बोललेला माणूस आमच्या वसमतमध्ये राहतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ते आणि मी एकाच शाळेत तीसेक वर्षं शिकवलं. मी मराठी, ते भूगोल. फळ्यावर समुद्र रंगवायचा म्हणून खडूंच्या प्रत्येक पेटीतले निळे खडू ते आधीच खिशात घालत. त्यामुळे आमच्या शाळेत दुसऱ्या कुठल्याही विषयाला निळा रंग मिळाला नाही. भरती-ओहोटी शिकवताना पाण्याने भरलेली परात हलवत ते वर्गभर फिरत, आणि पहिल्या बाकावरची मुलं भिजली की समाधानाने म्हणत, "हे बघा, ही मुंबई बुडाली."

सरांचा जन्म सेनगावकडच्या एका तांड्यातला. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून दूर कोकणापर्यंत जात आणि येताना मीठ आणत, असं ते सांगत. "माझा पणजा बैलं घेऊन समुद्रापोतर जाऊन आला, आन् मी भूगोलाचा मास्तर असून घरीच," ही त्यांची जुनी खंत. मी एकदा म्हटलं, त्यात काय, नांदेडहून मुंबईची गाडी पकडायची, चौपाटीवर उभं राहायचं. त्यावर त्यांनी माझ्याकडे नापास मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "किनाऱ्यावरून तर बैलानंबी पाहिला, सर. मला आतून पाहायचाय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजाचा शोध लावला, आणि तिथेच त्यांचं गाडं अडलं. सरांनी लग्न केलं नव्हतं. लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब' वाचून ते एकटे जात आणि यजमानाला आवर्जून सांगत, "तुमचं एक ताट वाचवलं." जहाजवाल्यांचा हिशेब मात्र उलटा होता. आमच्या ओसरीवर बसून, फोनचा आवाज मोठा करून त्यांनी तिकिटं काढून देणाऱ्या मुलीशी केलेलं पहिलं बोलणं मला अजून आठवतं.

"सर, खोली दोघांची असते. एकटे आलात तरी दोघांचंच भाडं."

"पण ताई, जेवणार एक."

"हो सर."

"झोपणार एक. आंघोळ करणार एक."

"हो सर."

"मग ह्या दुसऱ्या माणसाचं तुमी करता काय?"

पलीकडे ती मुलगी हसू आवरत होती. स्वयंपाकघरातून माझी पत्नी म्हणाली, "भाऊजी, आम्ही दोघं येतो की. आम्ही एका खोलीत, आणि तुम्ही एकटे दोघांचे पैसे भरून शेजारी." सर तिला म्हणाले, "वैनी, तुमी जहाजवाल्यांना फितूर झालात." पुढे कित्येक वर्षं ती त्यांना हेच चिडवत राहिली, आणि ते दर वेळी नव्याने चिडत राहिले.

पैसे नव्हते असं नाही. तत्त्व आड येत होतं. शिवाय त्यांचा स्वतःचा एक सिद्धांत होता. ते आठवडी बाजारात दुपारी कधी गेले नाहीत. बाजार उठताना, पालं सोडली जात असताना जायचे आणि मेथीच्या चार जुड्या एकीच्या भावात आणायचे. "हळद घरात ठेवता येती, भाव चढेपोतर. मेथी ठेवता येत न्हाई. जहाजातली रिकामी खोली मंजी मेथी. जहाज सुटलं की सुकली." म्हणून ते शेवटच्या आठवड्यात भाडं उतरण्याची वाट पाहत. बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त, शनिवार-रविवार टाळावा, बंदराचा कर वेगळा लागतो तो आधी विचारून घ्यावा, आणि मुलांच्या परीक्षा चालू असताना जहाजं ओस पडतात, हे त्यांनी शोधून काढलं. हे शेवटचं आम्हा मास्तरांना खरं तर आधीच सुचायला हवं होतं. एकट्याचं भाडं मात्र खाली यायला तयार नव्हतं. मग त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: 'जहाजाच्या खोलीत सोबत पाहिजे. घोरणारा चालेल. तंबाखू खाणारा चालणार नाही.' महिन्याभरात एकच जण आला, आखाडा बाळापूरचा. जहाज वाटेत शिर्डीला थांबतं का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मागच्या साली माझी पत्नी गेली. त्यानंतर सरांनी जहाजाचं नाव काढलं नाही. ते रोज संध्याकाळी येत, खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ओढत आणि बसून राहत. बाजाराच्या दिवशी मेथी आणत आणि निवडूनही देत.

यंदा परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी ते आले ते उंबऱ्याबाहेरच थांबले. चपला काढल्या नाहीत.

"सर, एक विचारतो. न्हाई म्हणालात तरी चालतंय. त्या तिकिटवाल्या ताईचा फोन आला होता. भाडं लई उतरलंय, पण दोघांचं. सांजेपोतर सांगा म्हणली."

मी नाही म्हणालो. घर सोडून दोन दिवस कुठे जायचं, ही कल्पनाच मला झेपेना. ते "बराबर" म्हणाले आणि वळले. फाटकाशी थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमी एकटे, मी एकटा. त्या लोकांच्या कागदावर दोन एकटे मिळून जोडी होती. आपुनच काहून न्हाई म्हणावं?"

दिवसभर मी पुस्तक हातात धरून बसलो. चारच्या सुमारास त्यांच्या घरी जाऊन हो म्हणालो.

जहाज धक्क्यावरून निघालं तेव्हा मी सरांचं व्याख्यान ऐकायची तयारी ठेवली होती. सर कठड्याशी उभे होते. बऱ्याच वेळाने त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि उत्तर तपासल्यासारखं म्हणाले, "खारं हाय." मग रुमालाने चष्मा पुसत राहिले.

खाली आमच्या बिनखिडकीच्या खोलीत दोन पलंग एकमेकांना चिकटवून ठेवलेले होते. "हे नवरा-बायकूचं काम दिसतंय," म्हणत त्यांनी एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही ते ओढून वेगळे केले.

"तुमाला कोणता?"

"उजवीकडचा," मी म्हणालो, आणि विचार न करता पुढे बोलून गेलो, "डावीकडं ती झोपायची."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. दुपारी जेवून आल्यावर सरांनी पिशवीतून सतरंजी काढली आणि दाराजवळच्या अरुंद जागेत खाली अंथरली.

"सर, अहो, पलंग आहे की."

"ऱ्हाऊ द्या. मला खालीच झोप लागती," असं म्हणून त्यांनी तोंडावर पांघरूण ओढलं. जहाजात होतो तोवर डावीकडचा पलंग तसाच राहिला. चादरीवर एक सुरकुती पडली नाही.

परत आल्यावर आठवडाभर सर वाकून चालत होते. मी भेटायला गेलो तर आपल्या उंच लोखंडी खाटेवर, जाडजूड गादीवर कण्हत पडलेले. कंबर कशाने धरली म्हणून विचारलं, तर समुद्रावरची दमट हवा माणसाच्या कंबरेत कशी शिरते, हे त्यांनी मला अर्धा तास समजावून सांगितलं. भूगोल हा काही माझा विषय नाही. मी मान डोलावली, आणि शेकायला पाणी गरम करायला आत गेलो.