स्क्रीनची पलीकडची बाजू

हार्लन ट्वेइट भोचक होता आणि गावानं त्याला त्याबद्दल कधीच माफ करून टाकलं होतं. विस्कॉन्सिनमधल्या त्या खेड्यात खिळे-स्क्रूंचं दुकान त्याचं एकट्याचंच. साधा वायसर मागितला तरी तो विचारायचा, "कशाला हवाय?" कुणाचा नळ गळतो, कुणाचं खुराडं अर्धवट पडलंय, सगळं त्याला ठाऊक असायचं.

गल्ला मात्र त्याची बायको मार्लीस सांभाळायची. हिवाळ्यात मार्लीस गेली आणि हिशेबाच्या धास्तीनं हार्लननं कार्डाचं मशीन मागवलं. पार्सल आलं, तारा जोडल्या, झालं. रक्कम टाकायची, स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवायची आणि आपण खिडकीबाहेर बघायचं. कितीही भोचक असला तरी दुसऱ्याच्या पैशात तो डोकवत नसे.

मग गाव विचित्र वागायला लागलं. पाद्र्याची बायको जाताना उगाच त्याचा हात थोपटून गेली. कुणी तरी दाराशी बटाटे-खिम्याचं भांडं झाकून ठेवलं. आणि डेलमर ऑस्टबी, त्याचा शाळेपासूनचा मित्र, वाकडे खिळे ठोकून सरळ करून वापरणारा महाचिक्कू, रोज येऊन एकच बोल्ट नेऊ लागला.

"काय बनवतोयस?"

"बघू."

"अरे, मग डबाच घेऊन जा की."

"उद्या येतो."

हार्लनला चैन पडेना. त्याच्या आईचं विसरणं असंच सुरू झालं होतं, आणलेलंच पुन्हा आणण्यापासून. मार्लीसपाठोपाठ डेलमरही हातचा जाणार, असं त्याला वाटू लागलं. डेलमरच्या मुलीला कळवायचं त्यानं ठरवलं.

त्याच सकाळी त्याच्या टपालपेटीची बिजागरी तुटली. दुकानातली नवी घेतली, तर तिचेही पैसे भरायला हवेत. आपलंच कार्ड घेऊन तो पहिल्यांदाच काउंटरच्या पलीकडे उभा राहिला. स्क्रीन विचारत होती, टिप किती देणार? वीस टक्के, पंचवीस, तीस. खाली बारीक अक्षरात, 'नको'.

त्यानं ते दोनदा वाचलं. बिजागरीवर टिप? कुणाला, आणि कशाबद्दल? मग एकेक चेहरा आठवला आणि त्याचे कान तापले.

डेलमर आला तेव्हा तो तिथेच उभा होता.

"तू काय दाबायचास?"

"तीस."

"एका बोल्टवर? त्यात येतं काय?"

"माझ्या हिशेबानं पुष्कळ येतं." डेलमरनं टोपी काढली. "वाटलं, तुझं अवघड चाललंय. मशीन पुढे करून तोंड फिरवायचास तू. बघवायचं नाही रे."

"मग विचारायचं ना, लेका. मी नाही सगळ्यांना विचारत?"

"तेच तर. जन्मभर तूच विचारत आलास. तुला विचारायची सवय कुणाला आहे?"

हार्लननं कार्ड खिशात टाकलं. डेलमरनं काखेतला कॉफीचा डबा काउंटरवर ठेवला. आत सगळे बोल्ट तसेच्या तसे होते.

"हे परत घे. आणि आता विचारतो. कसा आहेस?"

हार्लन सवयीनं खिडकीबाहेर बघू लागला.

"बरा नाही," तो म्हणाला. "ती गेल्यापासून बरा नाही."

डेलमर रंगाचा डबा ओढून त्यावर बसला.